आधी माणसं, मग रणगाडा

(युद्धकालीन डायोरामा या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, डायोरामासमोर, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी मांडलेल्या देखाव्यासमोर, उभा राहिलेला माणूस आधी कुठे पाहतो, हे मी बरीच वर्षं न्याहाळत आलो आहे. रणगाड्यावर आपण चार-चार महिने खपलेले असतो, गंजाचा एकेक ओघळ हाताने रंगवलेला असतो. पण येणाऱ्याची नजर जाते ती माणसाच्या चेहऱ्याकडे. तिथे जीव दिसला तर तो थांबतो, नाही तर पुढच्या टेबलाकडे वळतो. म्हणून माझा आग्रह असतो, की काम माणसांपासून सुरू करा.

आपलं नेहमीचं प्रमाण १/३५. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक या मापात बरोबर ५ सेंटिमीटरचा होतो, अमेरिकी शेरमन रणगाडा साधारण पावणेसतरा सेंटिमीटर लांब. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी मॉडेल कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचं जोडायचं किट काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा सांगाडा धरला होता. तो मोजल्यावर १/३५च्या आसपास निघाला आणि पुढे तेच माप रुळलं.

पण माप ठरण्याआधी वेळ ठरायला हवी. हे मी शिकलो ते विल्यम सायबोर्नकडून. या ब्रिटिश लेफ्टनंटने वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवली, ती १८३८मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आली. त्यासाठी तो ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने राहिला, जमीन मोजली, आणि लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती? सत्तर हजारांहून जास्त सैनिक त्याने मांडले, पण क्षण एकच धरला.

मी इथे ठेवलेल्या देखाव्याचा क्षण आहे फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला, जून १९४४. तिथल्या शेतांना मातीचे जाड बांध, त्यांवर झुडपांची दाट कुंपणं, आणि मधून खोल गेलेल्या गाडीवाटा. आपल्या कामाला ही जागा फार सोयीची, कारण दोन्ही बाजूंचे बांध नजर आपोआप मधल्या वाटेवर आणतात. महिना जून ठरला की आणखी एक गोष्ट ठरते. बांध फोडायला शेरमनच्या तोंडाशी जे पोलादी दात बसवले, ते जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांच्या लोखंडातून कापलेले होते, आणि मोठ्या संख्येने वापरात आले ते जुलैच्या अखेरच्या चढाईत. किटमध्ये ते दात मिळाले म्हणून जूनच्या देखाव्यात लावायचे नाहीत. मोह होतो, मलाही झाला होता.

आता वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसलेला हा वैद्यकीय जवान पाहा. त्याच्यासमोर जखमी पडला आहे. जखमीच्या कॉलरला मी दीड मिलिमीटरची एक तार चिकटवली आहे. मॉर्फिन दिल्यावर रिकामी नळी कॉलरला टोचून ठेवायची पद्धत होती, म्हणजे मागच्या तळावर कुणी चुकून दुसरा डोस देऊ नये. ही तार शंभरातल्या पाच जणांना दिसेल. पण ती लावल्यावर जवानाची नजर कुठे हवी हे मला कळलं. त्याचं काम झालं आहे, तो जखमेकडे पाहत नाही, चेहऱ्याकडे पाहतो आहे. मी त्याची मान कापली, तारेवर बसवली, थोडी फिरवली, फट पुट्टीने भरली. दोन मिलिमीटरचा फरक, पण त्या दोघांत काहीतरी सुरू झालं.

डोळ्यांत पांढरा रंग भरू नका. या मापात डोळा मिलिमीटरभरही नसतो, पांढरा ठिपका दिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. पापणीखाली गडद तपकिरी रेघ पुरते. कपड्यांच्या चुण्यांची सावली मात्र मुद्दाम वाढवून द्या, कारण एवढ्याशा चुणीची खरी सावली लांबून दिसत नाही.

आणि पाय. माझ्या पहिल्या देखाव्यात मी सगळे सैनिक शेवटी, वाळलेल्या जमिनीवर चिकटवले. एकही जण जमिनीवर उभा वाटेना, सगळे ठेवलेले वाटत होते. फार वाईट वाटलं मला, सहा महिन्यांचं काम होतं ते. तेव्हापासून टाचेत भोक पाडून तार बसवतो आणि माती ओली असतानाच बूट दाबतो. बुटाच्या कडेला चिखल थोडा वर येतो, आणि त्या माणसाला वजन मिळतं.

पानांसाठी बर्च झाडाच्या फुलोऱ्यातली सालपटं वापरली आहेत, रणगाड्याबद्दल प्रश्नोत्तरांत बोलू. आता टेबलाजवळ या, पण वरून पाहू नका. गुडघे टेकून डोळे त्या जवानाच्या उंचीला आणा, म्हणजे बांधापलीकडचं त्याला काय दिसत नव्हतं ते तुम्हालाही दिसणार नाही.