वडापाव किती खाल्ले, ते सांगू नका

एवढ्या पावसात दादरपर्यंत आलात, तेव्हा सुरुवात दादर स्टेशनापासूनच करू. आजचा विषय डेटा सफिशियन्सी, म्हणजे उत्तर काढायचं नाही, दिलेल्या दोन विधानांवरून ते ठरतं का एवढंच सांगायचं. तुम्ही सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि जायचंय माटुंग्याला. प्रश्न एवढाच, की येणारी गाडी माटुंग्याला थांबेल का? विधान एक, गाडी कल्याणला जाते. विधान दोन, गाडी फास्ट आहे. पहिल्यावरून काहीच कळत नाही, कल्याण स्लोही असते आणि फास्टही. दुसऱ्यावरून लगेच कळतं, थांबणार नाही. रविवारचा मेगाब्लॉक सोडा, त्या दिवशी कसलंच विधान पुरत नाही. तर दुसरं विधान एकटं पुरेसं.

हाच प्रश्न आकड्यांत घातला की मुलं गडबडतात. क्ष धन आहे का? एक, क्ष चा वर्ग ९. दोन, क्ष चा घन उणे २७. पहिल्यावरून क्ष ३ किंवा उणे ३, म्हणजे काही ठरत नाही. दुसऱ्यावरून क्ष उणे ३, म्हणजे धन नाही. इथे मुलं म्हणतात, "सर, उत्तर नाही आलं, म्हणून विधान पुरेसं नाही." अरे बाबा, 'नाही' हे खणखणीत उत्तर आहे! 'कधी हो, कधी नाही' आलं, तर माहिती अपुरी.

एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत हा प्रकार पूर्वी गणिताच्या भागात असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि तो डेटा इनसाइट्स नावाच्या भागात गेला. तिथे इतर प्रकारांसकट २० प्रश्न आणि ४५ मिनिटं, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. पाच पर्याय कायम तेच. ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरे, बी म्हणजे दुसरं एकटं पुरे, सी म्हणजे दोन्ही मिळून, डी म्हणजे कुठलंही एकटं चालेल, ई म्हणजे दोन्ही मिळूनही भागत नाही. हे घरूनच पाठ करून जायचं. पहिलं पुरलं तर फक्त ए किंवा डी उरतो, नाही पुरलं तर बी, सी, ई. स्क्रीनवर कॅल्क्युलेटरही असतो. सारखा हात तिकडे जायला लागला तर समजा, कुणी न मागितलेलं उत्तर काढत बसलाय.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ते. कॉलेजबाहेरच्या गाडीवर वडापाव १७ रुपये, कटिंग १२ रुपये. पोरांच्या टोळक्याने या दोनच गोष्टी घेतल्या. वडापाव किती? विधान एक, बिल ९९ रुपये झालं. विधान दोन, वडापाव आणि कटिंग मिळून ७ नग. हात वर करा, सी कोण म्हणतंय? बघा, अख्खी मधली रांग. दोन अज्ञात, दोन समीकरणं, शाळेत तसंच शिकवलं आपल्याला.

पण वडापाव अर्धा विकत नाहीत. ९९ मधून १७ वजा करत चला. एक वडापाव, उरले ८२, त्याला १२ ने भाग जात नाही. दोन, उरले ६५, नाही जात. तीन, उरले ४८, चार कटिंग! चार वडापाव, उरले ३१. पाच, उरले १४. दोन्हींना नाही. एकही घेतला नाही म्हणावं तर ९९ लाही १२ ने भाग जात नाही. एकच जोडी बसते, म्हणजे पहिलं विधान एकटं पुरे. दुसऱ्यावरून ७ नगांची वाटणी कशीही होईल. उत्तर ए.

सी म्हणणाऱ्यांचं गणित कच्चं नाही. त्यांनी दोन्ही विधानं एका दमात वाचली. म्हणून मी मुलांना दुसऱ्या विधानावर हात ठेवायला लावतो, अक्षरशः तळहात. पहिल्याचा निकाल लागला की हात पहिल्यावर. संगणकावर बोटाने स्क्रीन झाकली तरी कुणी ओरडत नाही.

उलटा सापळाही असतो. दोन वडापाव आणि तीन कटिंग ७० रुपये, चार वडापाव आणि सहा कटिंग १४० रुपये. एक वडापाव केवढ्याला? दिसायला दोन समीकरणं, पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. ई.

आणखी एक पडताळा. जीमॅटची दोन विधानं एकमेकांशी भांडत नाहीत. पहिल्यावरून ३ आणि दुसऱ्यावरून ५ आले, तर चूक आपली. गल्लीबोळातल्या सराव पेपरांचा मात्र भरवसा नाही. अशाच एका पेपरातल्या भांडकुदळ विधानांवर मी अख्खी रात्र घालवलीय.

बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी पर्यायांचा क्रम दर वेळी वाचा. तिथे तिसऱ्या जागी बऱ्याचदा 'कुठलंही एकटं' असतं आणि 'दोन्ही मिळून' पाचव्या. सवयीने मी एकदा तिसरा गोल काळा करत सुटलो. घरी येऊन पडताळलं तर गणितं सगळी बरोबर, गोल सगळे चुकीचे.