होपटन हाउस: पुढून अ‍ॅडम, मागून ब्रूस

एडिनबराच्या पश्चिमेला, साउथ क्वीन्सफेरी गावाजवळ, फोर्थच्या खाडीकाठी हे होपटन हाउस. पूर्वेकडून आलात की आधी त्याची रुंदीच डोळ्यात भरते, मधे मोठी इमारत, दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या खांबांच्या ओळी, आणि टोकाला एकेक पॅव्हिलियन. पण हे सगळं नंतरचं बरं का.

मूळ गोष्ट १६८२ची. ग्लॉस्टर नावाचं जहाज नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यात इथल्या जमिनीचे मालक जॉन होप गेले, मुलगा चार्ल्स तेव्हा तान्हा होता, मग कारभार आईने, लेडी मार्गारेटने सांभाळला. पुढे वास्तुविशारद सर विल्यम ब्रूसकडे घराचं काम दिलं आणि १६९९ला बांधकाम सुरू झालं. पैसा लेडहिल्सच्या शिशाच्या खाणींचा, म्हणजे कुणीतरी तिकडे जमिनीखाली राबत होतं म्हणून इथे दगडावर दगड चढला.

हाच चार्ल्स १७०३ला अर्ल, म्हणजे मोठा सरदार झाला, आणि मग जे घर होतं ते त्याला लहान वाटायला लागलं असावं, कारण १७२१ पासून विल्यम अ‍ॅडम या दुसऱ्या वास्तुविशारदाने पूर्वेकडची पूर्ण बाजूच बदलायला घेतली. काम इतकं लांबलं की १७४८ला अ‍ॅडम वारला तरी ते संपलं नव्हतं, शेवटी जॉन आणि रॉबर्ट या त्याच्या मुलांनी ते पुरं केलं, आतले भारी दिवाणखाने त्यांच्याच हातचे.

आपल्याला हे घर परकं नाही. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना पकडून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, ते याच होप घराण्यातले, जन्म १८८७चा, याच घरातला. हे कळल्यावर मला ते दिवाणखाने आधीसारखे बघताच आले नाहीत.

आता जरा घराला वळसा घालून मागे, पश्चिमेला चला. इथे ब्रूसचं घर अजून दिसतं, आटोपशीर, कसलाही बडेजाव नाही. आणि आत त्याचा अष्टकोनी जिना, भिंतींना लाकडी पॅनेल, त्यावर फुलाफळांचं कोरीवकाम, वरून घुमटातून उजेड खाली येतो. अ‍ॅडमने पुढचं सगळं बदललं, पण हा जिना ठेवला. मला विचाराल तर पूर्ण घरात सगळ्यात सुंदर जागा हीच.