मुलाकात

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने विदगावच्या पुलावरून तापी ओलांडताना दोन्ही काठांना केळीच्या बागा दिसत राहतात. चोपडा तालुक्यातून जळगावकडे निघालेल्या या गाडीत कोणी दवाखान्यात, कोणी बाजार समितीत, तर कोणी कॉलेजात निघाले आहे. आमच्या या माहितीपटातल्या, खिडकीशी बसलेल्या मावशी मात्र जिल्हा कारागृहात मुलाकातीला, म्हणजे बंद्याच्या भेटीला, निघाल्या आहेत. बागेत केळीचे घड वाहण्याची मजुरी करणारा त्यांचा मुलगा चोरीच्या एका प्रकरणात आत आहे. खटल्याची सुनावणी अजून सुरू झालेली नाही. न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला आहे, आणि तरीही तो आत आहे.

मांडीवरच्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, अंगाचा साबण, आधार कार्ड आणि वकिलाने दिलेल्या कागदाची झेरॉक्स आहे. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याला कारागृहाचे पांढरे कपडे मिळतात. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असा न्यायाधीन बंदी, स्वतःचेच कपडे वापरतो, आणि ते घरूनच यावे लागतात. आत कॅन्टीनमधून काही घ्यायचे झाले, तर त्यासाठीचे पैसेही घरूनच पाठवावे लागतात. मावशींनी मुलासाठी कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आहे. घरचे जेवण बहुधा फाटकावरच थांबते, हे त्यांना ठाऊक आहे.

फाटकाबाहेरची ही रांग नीट पाहावी. तिच्यात बहुतेक बाया आहेत: आई, बायको, बहीण, कडेवर लेकरू. खिडकीशी कैद्याचे नाव, आपले नाते आणि ओळखीचा पुरावा द्यायचा, नोंदवहीत सही किंवा अंगठा करायचा, मोबाईल जमा करायचा, अंगझडती द्यायची आणि नावाचा पुकारा होईपर्यंत भिंतीच्या सावलीला बसायचे, असा हा क्रम आहे. शेजारी बसलेल्या बाईने विचारले तेव्हा मावशींनी एवढेच सांगितले, ‘मना आंडोर मझार शे.’ म्हणजे, माझा मुलगा आत आहे. आता ऑनलाईन नोंदणी करून व्हिडिओवर बोलण्याची ई-मुलाकातही सुरू झाली आहे; पण ज्या घरात साधा फोनही शेजाऱ्याचा वापरला जातो, त्या घरासाठी ही एस.टी. आणि ही रांगच खरी. कॅमेऱ्याला फाटकाच्या पुढे परवानगी नाही. मुलाकात काही मिनिटांची असते, आणि त्या मिनिटांसाठी घरच्या बाईची दिवसभराची मजुरी बुडते.

तुरुंग ही खान्देशाला अनोळखी जागा नाही. आता पडद्यावर दिसणारी ही भिंत धुळ्याच्या कारागृहाची आहे; ती पाहताना 1932 साल आठवल्याशिवाय राहत नाही. सविनय कायदेभंगाच्या त्या काळात विनोबा भावे इथे बंदिवान होते, आणि 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी त्यांनी सहबंद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ती अठरा प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेणारा हातही खान्देशात शिक्षक म्हणून नावाजलेला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी 1930 मध्ये सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी तेव्हा याच भिंतींआड होते. त्यांनी टिपून ठेवले म्हणून ‘गीता प्रवचने’ महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. आज त्या बंदिवासाचे आपण अभिमानाने स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. ते लोक देशासाठी, समजून-उमजून आत गेले होते, आणि बाहेर त्यांची वाट पाहणारा समाज उभा होता. आज याच प्रदेशातल्या बराकींत असलेल्या मजुरांच्या पोरांसाठी बाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न आम्हाला या भिंतीसमोर फार टोचला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन होते. म्हणजे कारागृहातल्या दर चार माणसांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. ज्यांना मोठी शिक्षा होते ते पुढे नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातात. जिल्हा कारागृहाच्या बराकी मुख्यतः कच्च्या कैद्यांनीच भरलेल्या असतात.

मावशींचा मुलगा का सुटत नाही, याचे उत्तर तहसील कचेरीच्या या व्हरांड्यात आहे. जामीन मंजूर झाला म्हणजे दार उघडले असे होत नाही. आदेशात लिहिलेल्या रकमेचा जामीनदार उभा करावा लागतो. या जामीनदाराकडे सातबारा उतारा हवा, ओळखपत्र हवे, घरपट्टीची पावती हवी, आणि पुष्कळदा तहसीलदाराच्या सहीचा ऐपतीचा दाखलाही हवा. तो दाखला मिळवायचा तर तलाठ्याकडून कागद, मग अर्ज, मग पुन्हा फेरी. मावशींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. ज्या नातेवाइकाकडे दोन एकर कोरडवाहू आहे तो चांगला माणूस आहे, पण मुलगा तारखेला हजर राहिला नाही तर रक्कम आपल्याकडून वसूल होईल या भीतीने तो मागे सरकतो, आणि त्याची भीती खोटी नाही. पैसे घेऊन जामीन राहणारी माणसेही भेटतात. त्यांचा भाव मजुराच्या आवाक्यातला नसतो. सगळे कागद जुळले तरी सुटकेचा आदेश बराकी बंद होण्याआधी कारागृहात पोहोचला नाही, तर आणखी एक रात्र आतच काढावी लागते.

कायद्याने यावर वाटा ठेवल्या आहेत, आणि हा माहितीपट प्रामुख्याने त्या सांगण्यासाठीच केला आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार अटकेत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने ही गोष्ट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायची आहे. आणि महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर अटी शिथिल करता येतील का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या 2023 च्या योजनेत न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी साहाय्य मिळू शकते; 2023 मध्ये त्याची मर्यादा 40,000 रुपये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचे असते. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. म्हणजे त्या प्रकरणात हा काळ एक वर्षाचा होतो. अनेक प्रकरणे अंगावर असलेल्यांना ही सवलत नाही, पण ज्यांना ती आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे.

मधल्या काळात मावशींच्या घरातला मजुरी आणणारा हात गेला, आणि धाकट्या मुलीची शाळा सुटली.

मुलाकात आटोपून मावशी आता जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आल्या आहेत. जामीनदाराऐवजी वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे मुलाच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, त्याला सोडावे, अशी विनंती करणारा अर्ज इथले वकील लिहून देत आहेत. त्यासाठी कसलेही शुल्क घेतले जात नाही. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत आणि जामीन आदेशाची तीच झेरॉक्स जोडली आहे. मुलगा कोणत्या गावचा, तिथे किती वर्षांपासून राहतो आणि घरात आणखी कोण आहे, हेही त्यात लिहून घेतले आहे, कारण तो पळून जाणार नाही हे न्यायालयाला पटवण्यासाठी जमिनीच्या उताऱ्याच्या जागी मावशींकडे हीच माहिती आहे.