थांबवणारे हात

(दृश्य: रात्र. मारुतीच्या पारावर भजन.)

वर्धा जिल्ह्यातील या गावी भजनाला खंजिरीची थाप सर्वांनाच ऐकू येते. परंतु टाळ धरणाऱ्याच्या हातांकडे निरखून पाहिले, तर ठोका पडताच तो दोन्ही वाट्या क्षणभर एकमेकींवर दाबतो आणि नाद तोडतो, हे दिसते. नाद तसाच रेंगाळू दिला, तर पुढचा ठोका त्यात बुडून जाईल. मेंदूचा जो भाग आठवणी घडवण्यात गुंतलेला असतो, त्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशी दाब देणारी वेगळी जमातच आहे. तिला अवरोधक चेतापेशी म्हणतात.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचे अंगण.)

या शाळेत प्रयोगशाळा नाही, अंगण आहे. सरांनी 30 मुले उभी केली आणि त्यांपैकी 3 जणांच्या गळ्यात लाल दुपट्टे घातले, कारण हिप्पोकॅम्पसमध्येही ढोबळमानाने दहांतील एखादीच पेशी अवरोधक असते. उरलेल्या 27 जणांनी मनाला येईल तेव्हा टाळी वाजवायची होती, आणि सुरुवातीला टिनावर पाऊस पडावा तसा नुसता गलका झाला. मग लाल दुपट्टेवाल्यांनी हात वर केले तेव्हा सारे गप्प झाले, आणि हात खाली येताच, तोवर दबून राहिलेली टाळी सर्वांच्या हातून एकदमच निसटली. चार-पाच वेळा असे झाल्यावर अंगणात ताल उभा राहिला, आणि दुपट्टेवाल्यांपैकी एक जण म्हणाला, “सर, थांबवलं तं जमते जी.”

मेंदूत उंचावलेल्या हाताचे काम गॅबा हे रसायन करते. अवरोधक पेशीने सोडलेला गॅबा समोरच्या पेशीवरील क्लोराइड आयनांची दारे उघडतो व ती पेशी काही क्षण शांत राहते. हा प्रभाव अनेक पेशींवरून जवळपास एकाच वेळी ओसरतो, म्हणून त्या पुन्हा एकत्रच सज्ज होतात. उंदरांच्या मेंदूवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, अशी एकच पेशी हजाराहून अधिक पेशींच्या वेळेवर प्रभाव टाकू शकते.

(दृश्य: बुरूड बाई बांबूच्या कामट्यांनी टोपली विणत आहे.)

या पेशींपैकी एका प्रकाराचे नावच टोपली पेशी आहे. या बाईंच्या हातातील कामट्या जशा भोवताली फिरून पोकळीला घट्ट वेढतात, तशी त्या पेशीच्या तंतूंची टोके समोरच्या पेशीच्या मुख्य देहाला वेढून बसतात, आणि संदेश निघतो त्या जागेच्या अगदी जवळून त्याला आवर घालतात. दुसरा एक प्रकार समोरच्या पेशीच्या दूरवर पसरलेल्या फांद्यांवर बसून, तिथे येणाऱ्या संदेशांनाच अडवतो. लयीच्या एकाच आवर्तनात प्रत्येक प्रकाराची पाळी निराळ्या क्षणी येते, जशी भजनात खंजिरी आणि टाळ यांची येते.

(दृश्य: सरांच्या तोंडात शिट्टी.)

सरांची शिट्टी फक्त दुपट्टेवाल्यांसाठी आहे आणि ती वाजली की त्यांनीच हात खाली घ्यायचे आहेत. मेंदूत ही शिट्टी सेप्टम नावाच्या भागातून येते. तेथील अवरोधक पेशी हिप्पोकॅम्पसमधील अवरोधक पेशींनाच थांबवतात, आणि थांबवणारा थांबला की बाकीच्यांना वाट मोकळी होते. फिरणाऱ्या, हुंगणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला सुमारे 4 ते 12 आवर्तनांची थीटा लय दिसते ती बरीचशी या शिट्टीच्या आधाराने. अर्थात मेंदूत शिट्टीवरच सारे चालत नाही. पेशी आपसांतही एकमेकींना चेतवून व आवरून सेकंदाला 30 ते 100 आवर्तनांची गॅमा लय उभी करतात, आणि तो खेळ 30 मुलांत बसवता येत नाही.

हा आवर सुटला, तर असंख्य पेशी एकदम पेटू शकतात. फेफऱ्याच्या अनेक झटक्यांमागे हा बिघाड असतो, म्हणून रोग्याला चप्पल वा कांदा हुंगवू नये, दवाखान्यात न्यावे.

(दृश्य: पुन्हा पार. टाळाच्या वाट्या मिटतात.)

दुपारचा लाल दुपट्टेवाला मुलगा आता टाळकऱ्याशेजारी बसला आहे, आणि त्याची नजर खंजिरीवर नाही.