वापरलेल्या गिटारीला एवढी किंमत का येते?

श्रोतेहो, नमस्कार. 20 जून 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने एक काळी इलेक्ट्रिक गिटार विक्रीला काढली. तिला एक ते दीड लाख डॉलर येतील असा संस्थेचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी ही फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1970 मध्ये न्यूयॉर्कच्याच मॅनीज या दुकानातून घेतली होती, आणि पुढे ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गाण्यातले त्यांचे गाजलेले एकलवादन याच गिटारीवर झाले.

ही गिटार कारखान्यातून आली तशी मुळीच राहिली नव्हती. तिची दांडी एकापेक्षा अधिक वेळा बदलली गेली, तारांची थरथर विजेत उतरवणारे पिकअप बदलले गेले आणि स्वर हेलकावण्यासाठी असलेला धातूचा दांडा आखूड करण्यात आला. एरवी जुन्या वाद्याच्या बाजारात एवढी मोडतोड म्हणजे किंमत कोसळण्याचीच खूण समजली जाते. इथे मात्र प्रत्येक बदल एका मोठ्या वादकाने आपल्या कानाला हवा तो आवाज शोधताना केलेला होता, आणि माझ्या मते घेणाऱ्याने पैसे मोजले ते त्या शोधासाठी.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ नावाची गिटार याहून बोलकी आहे. 1970 च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिल येथील एका दुकानात त्यांना जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात मिळाल्या. त्यांतल्या तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जुळवून एक गिटार तयार केली. वाजवताना पेटती सिगारेट ते खुंट्यांजवळ तारेच्या टोकाला खोचून ठेवत, त्यामुळे तिथले लाकूड जळून काळे पडले. 2004 मध्ये अँटिग्वातील त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी ती विकली गेली तेव्हा 9,59,500 डॉलर आले. पुढे फेंडर कंपनीने तिच्या 275 प्रतिकृती काढल्या, आणि त्यांत तो जळका डागसुद्धा हुबेहूब उतरवला.

अर्थात, ही गिटार त्याच वादकाची होती हे सिद्ध व्हावे लागते. पुरावा नसेल तर ती केवळ एक जुनी गिटार उरते. अमेरिकन गायक बॉब डिलन यांनी 1965 च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात वाजवलेली गिटार एका खासगी विमानात राहून गेली होती आणि वैमानिकाच्या कुटुंबाकडे ती अनेक दशके पडून होती. ती ओळखताना तज्ज्ञांनी दांडीवरील शिसवी पट्टीच्या रेषा त्या महोत्सवातल्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्या. लाकडातल्या रेषा बोटांच्या ठशांसारख्याच असतात, दोन फळ्यांच्या कधी सारख्या येत नाहीत. 2013 मध्ये ती 9 लाख 65 हजार डॉलरला विकली गेली.

ज्यांच्यामागे कोणाही प्रसिद्ध वादकाचे नाव नाही अशा काही गिटारींनाही लाखांनी डॉलर मिळतात, पण तिथला हिशेब नेमका उलटा असतो: तिथे बदल नव्हे, मूळ रूप मोलाचे. गिब्सन कंपनीने 1958 ते 1960 या काळात लेस पॉल स्टँडर्ड ही गिटार लाल-पिवळ्या छटेत केली. ती तेव्हा फारशी खपली नाही, आणि सुमारे दीड हजार नगांनंतर कंपनीने तिचा घाटच बदलला. त्यातला लाल रंग उजेडाने विटतो, म्हणून आज एखादी मधासारखी पिवळी दिसते, तर एखादी चहासारखी तांबूस, आणि वरची संरक्षक पट्टी काढली की तिच्याखाली मूळचा लाल रंग तसाच सापडतो. अशी गिटार कोणी हौसेने नव्याने रंगवून घेतली, तर तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. अशा जुन्या गिटारींत वापरलेले ब्राझिलियन शिसवी लाकूडही आता सहजासहजी मिळत नाही, कारण त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आहे. त्याची जागा गिटारींत बऱ्याच अंशी भारतीय शिसवीने, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही उगवणाऱ्या शिसवाने घेतली, आणि तीही उत्तम वाजते. म्हणून जुन्या लाकडातच जादू असते, हा विक्रेत्यांचा दावा मला अर्धाच पटतो.

शेवटी 1959 सालच्या एका लेस पॉलविषयी सांगायला हवे. तिच्या एका पिकअपचे चुंबक उलटे बसले आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की पोकळ, नाकातून आल्यासारखा स्वर निघतो. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांनी त्या दोषावरच आपली शैली उभी केली. ‘तुझी गिटार विकून जे येतील ते दे,’ एवढ्याच अटीवर त्यांनी ती तरुण गिटारवादक गॅरी मूर यांना दिली. ती आता मेटॅलिका या रॉक बँडचे गिटारवादक कर्क हॅमेट यांच्याकडे आहे. तिजोरीत बंद न ठेवता ते ती मंचावर वाजवतात, आणि ते चुंबक अजूनही उलटेच आहे.