घोड्याचं पंचांग

नमस्कार श्रोतेहो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं आणलेला एक घोडा घेऊन कागलकडचा एक गडी माझ्याकडं आला होता. म्हणाला, "डॉक्टर, फसलो वो. घोडीकडं बघतच न्हाई ह्यो. ताकदीचं इंजेक्शन मारा."

मी घोडा तपासला. प्रवासाचा शीण सोडला, तर जनावर धडधाकट. चुकला होता तो महिना.

घोडी थंडीत माजावर येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण नरालाही ऋतू असतो, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही. रात्र मोठी झाली की मेंदूतल्या एका इवल्या ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ पाझरतं. त्यानं मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम मंदावतो, टेस्टोस्टेरॉन उतरतं, वृषणं थोडी लहान होतात. समशीतोष्ण देशांतल्या अभ्यासांत हिवाळ्यात रोज तयार होणारे शुक्रजंतू उन्हाळ्याच्या सुमारे निम्म्यावर आलेले दिसले. काम बंद पडत नाही बरं का, फक्त कमी होतं. घोडी समोर असूनही घोडा तयार व्हायला वेळ घेतो, तोही यामुळंच.

आपल्या कोल्हापुरात सगळ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, सगळ्यात लहान ११ तासांचा. लंडनमध्ये हाच फरक आठ तासांहून जास्त. म्हणून इकडं हा चढउतार तिकडच्याइतका तीव्र नसतो, पण असतो.

गंमत बघा, हे पंचांग आपल्या मुलखासाठी लिहिलेलंच नाही. घोडा मूळचा थंड गवताळ प्रदेशातला. घोडी ११ महिने गाभण राहते, म्हणजे वसंतात भरली की शिंगरू पुढच्या वसंतात, कोवळ्या गवतावर. आपल्याकडं गवत उगवतं मृगाच्या पावसावर! चैत्रात जन्मलेल्या शिंगराच्या आईपुढं कडबाच पडतो. तिच्या खुराकाची सोय आधीच करून ठेवायला हवी.

आता त्या इंजेक्शनाचं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की घोडा तात्पुरता उसळेल, पण मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणांचं काम थांबवतो. मी ते देत नाही. देणाऱ्यांवर माझा राग आहे.

दुसरं म्हणजे, एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात, वर बाहेर पडण्याजोगा पिकायला आठवडाभर. आज तपासलेलं वीर्य म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची हकीकत. कार्तिकात सडकून ताप आला असेल, तर पौषातला रिपोर्ट वाईट येऊ शकतो. तेवढ्यावर घोडा खच्ची करायला निघू नका. फाल्गुन-चैत्रात पुन्हा तपासा.

त्या गड्याला मी रोज फिरवायला आणि हरभरा बेतानं द्यायला सांगितलं. पाडव्यानंतर त्याचा फोन आला. "डॉक्टर, दोनदा दावं तोडलंय. आता काय करू?"