इचलकरंजीचा खर्चीवाला

(सुरुवातीला नुसता मागांचा आवाज, मग निवेदन.)

हा साधा माग, म्हणजे धोट्यावर चालणारा जुन्या पद्धतीचा यंत्रमाग. आत कुणाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं इचलकरंजी, आणि ही गल्ली बाहेरून घरांची वाटते, पण पत्र्याचं दार उघडलं की आत मागच माग. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे त्यांच्या पाठीशी होते, तिथनं हे पसरत गेलं.

आता नीट बघा. सूत आधी सायझिंगला जातं. गरम सिलिंडरवरून पाण्यासारखं जे सरकतंय ना, ते हजारो धागे आहेत, त्यांना खळ चढते, नाहीतर मागाच्या हिसक्यानं तुटतील. ते बिमावर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळलं की वहिफणी, म्हणजे बिमातला एकेक धागा वहीच्या, धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यायचा, तोही हातानं. बोटांचा स्पीड बघा फक्त! मग बिम मागावर चढतं, धोटा इकडून तिकडं धावतो, त्याच्या पोटातली आडव्या सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, दुसरी घालायची, परत सुरू, तोवर शेजारच्या मागावर धागा तुटलेला असतो. एकटा कामगार असे चार-चार माग बघतो. शिवाय माग दुरुस्त करणारा जॉबर, कांडीवाला, घडीवाला, हिशोबाला दिवाणजी.

आणि हा जो कांड्या भरतोय तो मालक आहे हं. कांडीवाला आज आला नाही.

याला इथं खर्चीवाला म्हणतात. सूत त्याचं नाही, कापडही त्याचं नाही, व्यापारी बिमं देतो, हा विणून देतो. मजुरी पिकावर. इंचात आडवे धागे किती, ते पीक. 52 पिकाचं कापड असेल तर 52 गुणिले पिकाचा भाव, तोही रुपयात नाही, पैशात, ही झाली मीटरची मजुरी. त्यातनं पगार, वीजबिल, सुटे भाग सगळं.

देशातलं निम्म्याहून जास्त कापड यंत्रमागांवरच निघतं, आणि असले कारखाने छोट्या उद्योगात मोडतात. जीडीपीत छोट्या-मध्यम उद्योगांचा वाटा साधारण 30 टक्के धरतात, निर्यातीत 45 च्या आसपास. भाषणात यांना अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतात, म्हणा काहीही, पण मजुरी वेळेवर द्या की! 2006 च्या कायद्यानं छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचंय, 2024 पासून इन्कम टॅक्सचीही त्याला जोड आहे, थकवलं तर व्यापाऱ्याला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. पण तक्रार करायची कुणावर, तर उद्या ज्याच्याकडनं बिम येणार त्याच्यावरच.

परवडेना म्हणून कित्येकांनी माग किलोवर भंगारात घातले.

इथं रात्रपाळी आली. डबा खुंटीला लावला, आणि पहिलाच माग धागा तुटून थांबलाय.